दोन जेसीबी झेंडू

— हात सैल सोड. मूठ कशाला आवळलीस?

— झेंडू पिवळा पायजे का केशरी? फुलवाला फोनवर थांबलाय.

— दूध! दूध उतू जातंय!

— आपका रक्तचाप सामान्य से अधिक है। कृपया—

— गाडी साताऱ्यात थांबली का न्हाई, तेवढंच सांग.

— खिडकी लाव. शेजारी बांधकाम चालू हाय. लाव म्हणतोय ना!

— आयनं ओवाळायचं ताट घासून ठेवलंय. तिला काय सांगू?

— बंद कर ते मशीन.

(सांगली. तिसऱ्या मजल्यावरचं राजेश्वरीचं घर. तिचा थोरला भाऊ हंबीरराव गावाहून नुकताच आलाय. धाकटा वीरधवल खुर्चीत. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा.)

हंबीरराव: बंद कशाला? परत मोज. बोलता बोलता मोजलं की चढूनच दाखवतंय. वीऱ्या, गप बस जरा.

राजेश्वरी: तो गप्पच आहे दादा. आल्यापासून तू बोलतोयस.

हंबीरराव: मग काय करू? कोरेगावहून गाडी मारत आलो ते तोंड शिवून बसायला? आठ दिस! आठ दिस ह्यो गडी मिल्ट्रीतनं सुटून हितं बहिणीकडं बसलाय. आणि तिकडं आमी बॅनर लावतोय. 'हवालदार वीरधवल यांचे सेवापूर्तीनिमित्त सहर्ष स्वागत.' बसस्टँडपास्नं वेशीपतोर. रविवारी सकाळच्या गाडीनं येणार म्हणून साऱ्या गावाला सांगून बसलोय मी.

वीरधवल: मी सांगितलं हुतं का लावा म्हणून?

हंबीरराव: तू कशाला सांगतोस? फौजी सुटून आला की गाव वेशीवर जातंय, रीत हाय ती. खालच्या आळीचा शिवतेज आला तवा एक जेसीबी हुता. तुला दोन सांगितल्यात.

वीरधवल: दोन काय?

हंबीरराव: जेसीबी.

वीरधवल: कशाला?

हंबीरराव: फुलं उधळायला! रस्त्याच्या दोन्ही अंगाला दोन, बकेटा वर, मधनं तुजी उघडी जीप. जीप बरोबर खाली आली की बकेटा पालथ्या. झेंडूत गळ्यापतोर बुडाला पायजेस तू. साऱ्या तालुक्यात—

राजेश्वरी: दादा, थांब.

हंबीरराव: —असं कुणाचं झालं न्हाई आजवर.

वीरधवल: आक्का, पट्टा काढ.

राजेश्वरी: काढते. हात हलवू नकोस, चिमटा बसेल.

वीरधवल: पट्टा काढ म्हणतोय!

हंबीरराव: आरं, वरडायला काय झालं? फुलं हायत ती. दगड न्हाईत.

वीरधवल: मी येणार न्हाई.

हंबीरराव: बरं. आता मी काय म्हणतो ते ऐक.

वीरधवल: मी काय बोललो ते ऐकलंस का?

हंबीरराव: ऐकलं. आता तू ऐक. रविवारी पहाटं मी गाडी घेऊन येतो. तुला सातारच्या स्टेशनावर सोडतो. तू ट्रंक घेऊन फलाटाच्या पार टोकाला उभा ऱ्हायचं. गाडी आली, माणसं उतरली की त्यांच्यात मिसळायचं आणि चालत बाहेर यायचं. बाहेर आमी हायच, हार घेऊन. कुणाच्या बाला कळणार न्हाई.

राजेश्वरी: आलेल्या माणसाला परत आणायचं?

हंबीरराव: व्हय. आणायचं.

वीरधवल: नाटक.

हंबीरराव: नाटक तू केलंस, मर्दा! गाडी साताऱ्यात थांबली तवा उतरला का न्हाईस? पाय मोडलं हुतं?

वीरधवल: न्हाई.

हंबीरराव: झोप लागली हुती?

वीरधवल: मला? झोप?

हंबीरराव: मग झालं काय?

वीरधवल: फलाटाच्या पलीकडं काम चालू हुतं. मशीन मागं येत हुतं. मागं येताना वाजतंय ना ते. पीं, पीं, पीं. मी दारात हुतो, ट्रंक हातात. परत आत जाऊन बसलो. सातारा गेलं. कोरेगाव गेलं. खिडकीतनं आपल्या उसाचा पट्टा गेला. सांगलीत आवाज नव्हता. उतरलो.

हंबीरराव: पीं पीं.

वीरधवल: व्हय.

हंबीरराव: हे सांगू गावाला? हवालदार पीं पींला भ्याला?

राजेश्वरी: सांग ना. माईकवरून सांग. डीजे आहेच तुझा.

हंबीरराव: राजी, तू मधी पडू नको. लग्न हून सांगलीला आलीस, तुला गावात तोंड दाखवायला लागत न्हाई. मला लागतंय. सकाळ उठली की पारावर मी बसतोय.

राजेश्वरी: मग नको बसूस! पारावर बसायला भाऊ विकायचा का?

हंबीरराव: तोंड सांभाळ.

राजेश्वरी: नाही सांभाळत. आठ दिवस सांभाळलंय. बाथरूमची कडी लावत नाही हा. दिवा मालवू देत नाही. काल वरच्या मजल्यावर कुणी कॉट सरकवली तर मला धरून दाराच्या चौकटीत उभं केलं त्यानं. हातावर वळ आलेत, बघ. शेवटी मी तुला फोन केला. मला वाटलं थोरला येईल, जवळ बसेल. हा फुलांचा रंग विचारतोय!

वीरधवल: तू फोन केलास? मला वाटलं दादाला दुसऱ्या कुणी सांगितलं.

राजेश्वरी: मी केला. आणि परत करीन.

वीरधवल: छान. कमाल हाय. बहिणीकडं पण पहाऱ्याला संत्री बसवायला लागणार आता.

हंबीरराव: हे बघ वीऱ्या, सरळ बोलतो. बीपी हाय म्हणून मिल्ट्रीनं तुला पुढं ठेवलं न्हाई, घरी धाडलं. वाईट झालं. पण बीपी हाय ते एक बरं हाय. बीपी सांगाय येतंय. सरपंचाला हाय, चेअरमनला हाय, आमदाराला हाय. मोठ्या माणसाचा आजार हाय त्यो. मीठ कमी, गोळी चालू, विषय संपला. ह्ये डोक्यातलं काढू नका बाहेर.

वीरधवल: मी कुठं काढलं? तीन वर्सं मी पण तेच केलं की. पलटणीच्या दवाखान्यात डाक्टरसाब विचारायचा, 'नींद आती है?' 'आती है, साब.' 'कोई परेशानी?' 'नहीं, साब.' मग पट्टा बांधायचा. साब मशीनकडं बघायचा, मग माज्याकडं, मग परत मशीनकडं. दोघातलं कोण खोटं बोलतंय ते त्याला कळायचं. पण गोळी मशीनच्या दुखण्याला द्यायचा.

हंबीरराव: मग सांगायचं की त्याला खरं.

वीरधवल: आत्ता काय म्हणालास? डोक्यातलं बाहेर काढू नका. तिकडं पण तसंच असतंय. डोक्याच्या डाक्टरच्या दारातनं एक डाव कुणी बाहेर आला की बॅरेकीत त्याचं नाव पडतंय. मग त्याला रायफल देताना दोघं एकमेकाकडं बघत्यात. तुजा पार आणि माजी बॅरेक एकच हाय, दादा. फक्त तिकडं सगळी हिंदीत बोलत्यात.

राजेश्वरी: परवा इथल्या डॉक्टरबाईंकडं नेलं त्याला. तीन-तीन गोळ्या खातोय तरी आकडा खाली येत नाही म्हणून. त्यांनी सगळ्यात शेवटी मिठाचं विचारलं. आधी विचारलं, रात्री काय करता?

हंबीरराव: काय करता म्हंजी?

राजेश्वरी: हा म्हणाला, जागतो. कशासाठी? तर म्हणाला, आवाज झाला तर बाकीच्यांना उठवायला. बाकीचे म्हणजे कोण, विचारलं. तर उठून दार उघडं आहे का बघून आला.

हंबीरराव: मग बाई काय म्हणाली?

राजेश्वरी: म्हणाल्या, ह्यांच्या अंगाला अजून कळलेलं नाही की ते घरी आलेत. माणूस खुर्चीत बसलाय आणि रक्त पळतंय. गोळी चालू ठेवा, पण पळायचं कारण कुणीतरी ऐकून घेतलं पाहिजे. मनाच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली त्यांनी. सोमवारी बोलावलंय.

हंबीरराव: न्हाई.

राजेश्वरी: काय नाही?

हंबीरराव: मनाचा डाक्टर न्हाई. कारखान्यावर सिक्युरिटीत साहेब म्हणून घेणार हायत त्याला. चेअरमन स्वतः मिरवणुकीत हार घालणार आणि तिथंच जाहीर करणार, असं ठरलंय. मनाच्या डाक्टरचं एक अक्षर कळू दे, गेटवर काठी घेऊन पण उभं करणार न्हाईत. काय खाणार मग? त्यो खाईल पेन्शन. पोरीचं काय? उद्या अंकिताला स्थळ येताना म्हणत्यात, बाप—

राजेश्वरी: अंकिता नऊ वर्षांची आहे!

हंबीरराव: गाव नऊ वर्सांनी पण इसरत न्हाई.

राजेश्वरी: बरं. अंकिताचं निघालंच आहे तर विचारते. दिवाळीत तिचा खांदा निखळला. कशानं?

वीरधवल: आक्का, नको.

राजेश्वरी: कशानं, दादा?

हंबीरराव: सायकलवरनं पडली.

राजेश्वरी: अंकिताला सायकल येते?

हंबीरराव: आता पडली म्हंजी येत असंल.

राजेश्वरी: तुझ्या घरात राहते पोरगी. तुझ्या ताटात जेवते. तिला सायकल येते का?

हंबीरराव: न्हाई वाटतं.

राजेश्वरी: नाही येत. घरात सायकलच नाही. दिवाळीत रस्त्याचं काम आपल्या दारात आलं होतं. हा सुट्टीवर आलेला, दुपारी आडवा पडला होता, पोरगी शेजारी चित्रं काढत होती. बाहेर जेसीबी सुरू झाला. ह्यानं तिला एका हातानं उचललं आणि मागच्या दारानं उसात पळाला. ह्याची बायको मयूरी त्याच्यामागं. तिला दोघं सापडले तेव्हा हा पोरीच्या अंगावर पालथा पडून होता आणि ती रडत म्हणत होती, पप्पा, हात सोडा.

हंबीरराव: मयूरीनं सांगितलं हे?

राजेश्वरी: मयूरीनंच. परवा फोनवर म्हणाली, आक्का, त्यांना तिकडंच ठेवून घ्या. मी त्यांना टाकत नाही, पण पोरीला परत तसं नेतील, माझी छाती होत नाही.

हंबीरराव: म्हंजी मयूरीला ठावं. तुला ठावं. पोरीला ठावं. घरात येडा म्हणून एक मीच.

वीरधवल: तुला सांगून काय केलं असतंस? सायकल विकत आणली असतीस. पुरावा म्हणून.

हंबीरराव: वीऱ्या!

वीरधवल: खोटं हाय का? त्यापेक्षा ह्ये ऐक. तुला जेसीबीच आवडतोय ना, मग जेसीबीचंच ऐक. तीन वर्सांमागं बॅरेकीवर दरड आली, तिच्याखालनं मला हातानं काढलं. लवकर सापडलो. उठून बसलो. मग मोठं मशीन आलं. कोण कुठल्या खोलीत निजत हुता ते म्हाईत असलेला मी एकटाच हुतो वर. म्हणून मला उभं केलं. मी बोट दाखवायचं, हितं खण. बकेट खाली जायची. वर यायची. आणि पालथी व्हायची, माज्या म्होरं. त्यातनं काय पडलं ते बघून मी नाव सांगायचं. सारा दिवस. आणि तू म्हणतोयस, बकेटा वर, मधनं तुजी जीप. झेंडू नव्हता त्यात, दादा.

राजेश्वरी: पाणी घे. वीर, पाणी घे.

वीरधवल: नको पाणी! सगळ्यांचं एकच. पाणी घे, गोळी घे, मीठ सोड. वीर जवान म्हणून हार घ्या. कशाचा वीर? माणसं ओळखली म्हणून? तुला काय म्हाईत रं दादा? तू हुतास का तिथं?

हंबीरराव: न्हवतो! न्हवतो मी तिथं! मी शिवतेजच्या हळदीत हुतो!

वीरधवल: काय?

हंबीरराव: हळदीत. मांडवात. तुज्या पलटणीतनं फोन आला, तुमचा भाऊ सापडत न्हाई. सापडत न्हाई म्हंजी काय, साहेब? तर म्हणाला, शोधकाम चालू है. फोन खिशात घातला. समोर आय बसलेली, नवरदेवाला हळद लावून आलेली, हात पिवळं. मला म्हणती, कुणाचा फोन रं? म्हणलं, ऊसतोडीचा मुकादम. मग पोरं आली, हंबीरतात्या, चला. आणि मी नाचलो. न नाचून काय करतोस? न नाचतो तर आयनं वळखलं असतं. डोस्क्याला रुमाल बांधून नाचलो मी. मनात म्हणत हुतो, आत्ता गाणं संपलं की सांगू. गाणं संपंना. दुसऱ्या दिवशी दुपारी तुजा फोन आला तवर मी कुणाला सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई. आजपतोर न्हाई.

राजेश्वरी: दादा...

हंबीरराव: तू सापडलास. चांगलं झालं. पण मी तुला एक दिस मेलेला धरून चाललो हुतो. परड्यात जाऊन जागा बघितली मी, कुठं ठेवायचा तुला, माणसं कुठं बसणार. मला दोन जेसीबी पायजेत! चार पायजेत! ज्या रस्त्यानं तुला झाकून आणायचा हुता, त्याच रस्त्यानं तू उभा येताना मला बघायचाय. सगळ्यांच्या म्होरं. कळलं? लय शाणा झालास. बॅरेक आणि पार म्हणं.

वीरधवल: मला सांगायचं हुतंस.

हंबीरराव: तू सांगितलंस?

राजेश्वरी: दादा, तुझा चेहरा बघ. हात दे इकडं.

हंबीरराव: कशाला?

राजेश्वरी: दे म्हणते.

हंबीरराव: मला काय झालंय? दवाखान्याची पायरी चढलेलो न्हाई कवा. पहाटं मान धरती तेवढी. उशी जाड हाय.

राजेश्वरी: किती वर्षं जाड आहे उशी? दंड वर कर. बोलू नकोस.

हंबीरराव: आवळतंय गं हे.

राजेश्वरी: आवळणारच. गप्प.

मशीन: आपका रक्तचाप सामान्य से बहुत अधिक है। कृपया तुरंत चिकित्सक से संपर्क करें।

हंबीरराव: बिघडलंय मशीन.

वीरधवल: बघू. दादा, तुजा आकडा माज्यापेक्षा वर हाय.

हंबीरराव: असणारच. थोरला हाय मी.

राजेश्वरी: हसू नका रे. दोघंही हसू नका. मला एकटीला किती जणांना धरून बसायला लावणार आहात? मला कुणी विचारलंय का माझा आकडा?

वीरधवल: किती हाय तुजा?

राजेश्वरी: नाही सांगत. फोन वाजतोय, दादा. गावाकडून तानाजी आहे, मिरवणुकीचंच असेल.

हंबीरराव: बोल, तानाजी. ... न्हाई, रंग काय सांगू, नकोत फुलं. ... जेसीबी नकोत. दोन्ही. ... आरं, एक पण नको. डीजे नको, फटाकं नकोत. ... कुणी मेलं न्हाई, बाबा! बीपी वाढलंय. ... त्याचं न्हाई. माजं. डाक्टरनं आवाज बंद सांगितलाय. ... व्हय, माजंच. ... लेझमीच्या पोरास्नी जेवायला घाल, आलीच हायत तर. ... चेअरमनला मी बोलतो. ठेव.

वीरधवल: परत बीपी.

हंबीरराव: काय?

वीरधवल: आरं, परत बीपीच! मगापास्नं मी बैलासारखा वरडतोय ते काय उगीच? माजं झाकायला आता तुजं बीपी?

हंबीरराव: मग काय सांगू त्या तान्याला? आणि खोटं कुठं हाय? मशीननंच सांगितलं न्हवं, तुरंत!

वीरधवल: जेसीबी गेलं, जीप हायच. चेअरमन हायच. सातारच्या फलाटावर खोटं उतरायचं हायच.

हंबीरराव: न्हाई. ते बी न्हाई.

वीरधवल: म्हंजी?

हंबीरराव: रविवारी नको येऊ. तुज्या मनानं ये. रातीचं ये, पायवाटेनं ये, आलास की आयला दिस, बास. सोमवारी जा त्या डाक्टरकडं. मी पण येतो.

राजेश्वरी: तू येतोस?

हंबीरराव: बाहेर बसंन. आत काय मला बोलवत न्हाईत न्हवं?

वीरधवल: आणि कारखान्याची नोकरी?

हंबीरराव: गेली तर गेली. मला लगेच विचारू नको, राग हाय मला त्याचा. लय राग हाय. एवढं सगळं उभं केलं हुतं.

राजेश्वरी: आईला काय सांगायचं?

हंबीरराव: तेच म्हणतोय मी मगापास्नं. ताट घासून ठेवलंय तिनं. तिला बीपी सांगून चालणार न्हाई, तिला खरं सांगायला लागंल. आणि खरं मला कुठं म्हाईत हाय? मला आज कळलं बकेटीचं. आज कळलं सायकलीचं. कुठनं सुरू करू? दरड पडली, तिथनं?

वीरधवल: न्हाई. त्याच्या आदी.

हंबीरराव: आदी काय हुतं?

राजेश्वरी: सांग. कुकर बंद करते मी. सांग.

वीरधवल: त्या दिवशी सकाळी आमी व्हॉलिबॉलचं नेट बांधलं हुतं.